पाच तारे की पाच ढाली? ब्राझील आणि पोर्तुगाल, जर्सी घेण्याआधी

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या, म्हणजे गोवन सॉसेजच्या, माळा संपतात तिथून पुढे कपडेवाले लागतात. गेल्या आठवड्यात एकाच्या दोरीवर शेजारी शेजारी दोन जर्सी टांगलेल्या होत्या, एक पिवळी, एक लाल. भाच्याच्या खिशात आजीने दिलेले पाचशे रुपये. म्हणजे जर्सी एकच. "मामा, खंयची घेवची?" त्याने विचारलं आणि माझी दातखीळ बसली. तेरा वर्षांच्या पोराला वाटतं हा रंगाचा प्रश्न आहे.

जर्सी न घेताच परत आलो. २०२६चा वर्ल्ड कप तोंडावर आलाय, दोन्ही संघ त्यात आहेत, तेव्हा हा हिशेब त्याच्यासाठी मांडतो. त्याच्यासारखा आणखी कोणी अडला असेल तर त्यालाही चालेल. मी स्वतः १९८६पासून पिवळ्या बाजूचा आहे. तेवढं वजा करून वाचावं.

आधी दोन्ही बिल्ले जवळून पाहू. ब्राझीलच्या बिल्ल्यावर पाच तारे आहेत: १९५८, १९६२, १९७०, १९९४, २००२. पाच वर्ल्ड कप दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. पोर्तुगालच्या बिल्ल्यात लाल क्रूस आणि त्याच्या मधोमध पाच छोट्या निळ्या ढाली. आमच्या आईच्या डब्यात पोर्तुगीज आमदानीतली एक रुपिया आहे, झिजून गुळगुळीत झालेली. भिंगाखाली धरली की तिच्यावरही त्याच ढाली दिसतात. ब्राझीलने तारे मैदानावर कमावले. ढाली पोर्तुगालला राजेरजवाड्यांकडून वारशाने आल्या. वर्ल्ड कपचा तारा मात्र पोर्तुगालकडे एकही नाही.

नुसते आकडे बघायचे तर ही लढत होतच नाही. १९३० ते २०२२ या काळात बावीस वर्ल्ड कप झाले आणि ब्राझील बावीसही खेळला. असा तो एकटाच देश. पोर्तुगाल खेळला आठ. १९६६ला पहिला, मग वीस वर्षं पत्ता नाही, १९८६ला दुसरा, मग आणखी सोळा वर्षं गायब. २००२पासून मात्र एकही चुकवलेला नाही. त्यांची सगळ्यांत मोठी मजल तिसऱ्या क्रमांकाची, १९६६ची. त्याखालोखाल २००६चा चौथा क्रमांक. आपापल्या खंडात पाहिलं तर ब्राझीलचे नऊ कोपा अमेरिका आणि पोर्तुगालचा एक युरो. त्याच्या जोडीला पोर्तुगालचे २०१९ आणि २०२५चे दोन नेशन्स लीग.

आता एक खोडा. वर्ल्ड कपमध्ये हे दोघे आजवर दोनदाच समोरासमोर आले. १९६६मध्ये पोर्तुगाल ३–१ने जिंकला, २०१०मध्ये दर्बनला ०–०. म्हणजे पाच तारेवाल्याने वर्ल्ड कपात पोर्तुगालला एकदाही हरवलेलं नाही. हे वाक्य भाच्याने पाठ करून ठेवलंय, माझ्यावरच वापरायला.

त्या १९६६बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गोव्याचं दुखणं तिथेच आहे. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला लाथा घालून घालून लंगडा केला. त्या काळी बदली खेळाडू नसत, त्यामुळे पेले तसाच लंगडत मैदानावर राहिला. लागोपाठ दोन वर्ल्ड कप जिंकून आलेला ब्राझील साखळीतच गारद झाला. पोर्तुगालसाठी दोन गोल केले युसेबियोने. पुढच्या सामन्यात उत्तर कोरियाने त्यांना पंचविसाव्या मिनिटापर्यंत ०–३ असं मागे टाकलं, तेव्हा याच युसेबियोने एकट्याने चार गोल करून सामना ५–३ असा फिरवला. स्पर्धेत त्याचे नऊ गोल, सर्वांत जास्त. उपांत्य सामन्यात इंग्लंडने २–१ने अडवलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

हा युसेबियो जन्मला मोझांबिकमध्ये. कप्तान कोलुनाही तिथलाच. मोझांबिक तेव्हाही पोर्तुगालच्या टाचेखाली होतं आणि आपण डिसेंबर १९६१मध्ये सुटून पाच वर्षंही झाली नव्हती. माझे वडील त्या वेळी चोवीस वर्षांचे. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही हा वाद पेटलेला, जनमत कौल पुढच्या जानेवारीत व्हायचा होता, आणि वडील कट्टर विलीनीकरणवाले. आमच्या डिचोलीच्या घरात पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, कौतुक करणं म्हणजे देवघरात चप्पल घालून जाण्यासारखं. तरी उत्तर कोरियाच्या सामन्याची बातमी त्यांनी वाचली आणि सायकलवरून साखळी गावी मित्राकडे गेले, केवळ ती पुन्हा कोणाला तरी सांगायला. "तो आमच्यासारखाच होता रे," एवढंच ते म्हणतात. पोर्तुगालचा पहिला मोठा पराक्रम वसाहतीतल्या पोरांच्या पायांनी झाला, हे लाल जर्सी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. टीका म्हणून घ्या, नाहीतर समर्थन म्हणून घ्या.

ब्राझीलचं दुखणं वेगळ्या जातीचं. भाच्याला भुरळ घालणारा तो पिवळा रंगच एका पराभवातून आलाय. १९५०पर्यंत ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळायचा. त्या वर्षी स्वतःच्या घरी, रिओच्या माराकाना मैदानावर, शेवटच्या सामन्यात बरोबरी केली असती तरी कप त्यांचाच होता. उरुग्वेने २–१ने हरवलं. पांढरा रंग अपशकुनी ठरला, नव्या पोषाखासाठी स्पर्धा ठेवली आणि झेंड्यातले चारही रंग असलेली ही पिवळी जर्सी निवडली गेली. तिने मग १९५८ला सतरा वर्षांचा पेले पाहिला, १९६२ला पेले जायबंदी असताना गारिंचा पाहिला आणि १९७०ला इटलीला ४–१ने धुणारा तो संघ पाहिला, ज्याच्याबद्दल म्हातारी माणसं अजून डोळे मिटून बोलतात. तिनेच २०१४ही पाहिलं, पुन्हा घरच्या मैदानावर. जर्मनीने सात मारले, त्यातले चार सहा मिनिटांत. मी चहा ठेवायला उठलो तेव्हा ०–१ होता, कप घेऊन आलो तेव्हा ०–५. बायकोला वाटलं टीव्ही बिघडला.

माझी स्वतःची गाठ पडली १९८६ला. वाड्यावर एकच टीव्ही, तोही कृष्णधवल, म्हणजे पिवळा रंग आम्ही मनानेच भरायचो. ब्राझील-फ्रान्स उपांत्यपूर्व सामना १–१. दुसऱ्या सत्रात झिको बदली म्हणून आला, लगेच पेनल्टी मिळाली आणि ती त्याने फ्रेंच गोलरक्षकाच्या हातात दिली. पुढे शूटआउटमध्ये झिकोने गोल केला, पण सॉक्रेटिस चुकला, आणखी एकाचा चेंडू खांबाला लागला आणि सगळं संपलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. अठ्ठावीस वर्षांनी तोच झिको एफसी गोवा या आपल्या क्लबचा प्रशिक्षक म्हणून मडगावच्या फातोर्डा मैदानाच्या कडेला उभा राहिलेला मी पाहिला, केस पांढरे, हाताची घडी घातलेली. पेनल्टीबद्दल विचारावंसं वाटलं, पण आमच्यात तीनशे माणसं आणि एक जाळी होती. २०१५च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात तो तिथेच होता, आणि २००२च्या वर्ल्ड कप संघातला लुसियो आमच्या बचावात. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत आपण २–१ने पुढे, मग दोन गोल खाल्ले, ३–२. ब्राझीलची माणसं आली की आपलं दुःखही सोबत घेऊन येतात, असं तेव्हा वाटून गेलं.

पण तेरा वर्षांच्या पोराला १९७० विकायचं का, हा खरा प्रश्न. अलीकडचा हिशेब मांडला की चित्र पालटतं. २००२नंतर ब्राझील वर्ल्ड कपातून बाहेर पडला तो दर वेळी युरोपीय संघाकडूनच: २००६ फ्रान्स, २०१० नेदरलँड्स, २०१४ जर्मनी, २०१८ बेल्जियम, २०२२ क्रोएशिया. या वीस वर्षांत बाद फेरीत ब्राझील एकाही युरोपीय संघाला हरवू शकलेला नाही. २०२६च्या पात्रता फेरीत तर दहा संघांत पाचवे आले, आणि तेव्हाच माराकानावर अर्जेंटिनाकडून हरले. घरच्या मैदानावरचा पात्रता फेरीतला त्यांचा तो पहिलाच पराभव. २०१९चा कोपा आणि ऑलिम्पिकची दोन सुवर्णं आहेत म्हणा, पण ऑलिम्पिकचं सुवर्ण कोणी जर्सीवर तारा म्हणून शिवत नाही.

याच काळात पोर्तुगालने तीन करंडक उचलले. त्यांचा २०१६चा युरो मला आवडतो तो त्याच्या कळकटपणामुळे. साखळीत तिन्ही सामने बरोबरीत. पुढे क्रोएशियाला जादा वेळेत, पोलंडला पेनल्टींवर, अंतिम सामन्यात फ्रान्सला पुन्हा जादा वेळेत. सात सामन्यांत नव्वद मिनिटांच्या आत जिंकलेला सामना एकच, वेल्सविरुद्धचा. अंतिम सामन्यात रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला रडत बाहेर गेला आणि १०९व्या मिनिटाला एडेरने लांबून गोल मारला. त्याआधी बारा वर्षं, २००४ला, लिस्बनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर ग्रीसकडून अंतिम सामना ०–१ हरण्याची नामुष्की त्यांनी गिळलेली होती.

गंमत म्हणजे २००४ला पोर्तुगालचा प्रशिक्षक होता स्कोलारी, २००२ला ब्राझीलला पाचवा तारा मिळवून देणारा. त्यानेच पोर्तुगालला २००६च्या उपांत्य फेरीत नेलं, आणि २०१४च्या त्या सात गोलांच्या दिवशी ब्राझीलच्या बाकावर पुन्हा तोच. डेको आणि पेपे जन्माने ब्राझीलचे, खेळले पोर्तुगालकडून. तेव्हा या दोन घरांत सोयरीक आहे. कोणतीही जर्सी घेतली तरी दुसरीचा अगदीच वैरी होत नाही माणूस.

रोनाल्डोसाठी लाल घेत असशील तर थांब. पाच वेगवेगळ्या वर्ल्ड कपांत गोल करणारा तो पहिला पुरुष खेळाडू, हे खरं. पण २०२२पर्यंतचे त्याचे आठही गोल साखळीतले आहेत, बाद फेरीत एकही नाही. स्वित्झर्लंडला ६–१ने हरवलं त्या दिवशी सुरुवातीच्या अकरांतून वगळून त्याला बाकावर बसवलेलं होतं आणि त्याच्या जागी आलेल्या गोंसालो रामोसने तीन गोल केले. त्याचा जन्म १९८५चा. जर्सी पुढच्या वर्षी तुला आखूड होईल, त्याचं फुटबॉलही तोवर संपत आलेलं असेल. २०२५च्या ऑक्टोबरात त्याचा सौदीतला अल नस्र संघ फातोर्ड्याला खेळायला आला तेव्हा लोकांनी त्याला पाहायला तिकिटं काढली. तो आलाच नाही. एफसी गोवा १–२ने हरला. आपल्या वाट्याला तो आला आहे कळंगुटच्या पुतळ्याच्या रूपात. २०२१च्या डिसेंबरात, मुक्तीला साठ वर्षं होत होती नेमकी तेव्हाच, तो बसवला आणि काळे झेंडे घेऊन माणसं उभी राहिली. पोर्तुगालच्या खेळाडूचा पुतळा कशाला, आपल्या गोंयकार खेळाडूंचा का नाही, असा त्यांचा सवाल होता. मला तो सवाल रास्त वाटला. पुतळ्यासोबत सेल्फी काढणारी पोरंही मला गुन्हेगार वाटली नाहीत.

ब्रह्मानंद संखवाळकर ताळगावचे, भारताचे कप्तान, गोलरक्षक. त्यांच्या नावाची निळी जर्सी त्या दोरीवर नव्हती. विचारलं तर विक्रेता म्हणाला, "ती कोण घेता?" यावर बोलायला वेगळी बैठक लागेल.

एक व्यवहाराची गोष्ट, जी जर्सी विकणारा सांगत नाही. ब्राझीलचे कोपा आणि पात्रतेचे सामने आपल्याकडे पहाटे असतात. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजतो त्या सुमाराला दुसरं सत्र चालू. शाळा असेल तर आई बघू देणार नाही. युरोचे सामने संध्याकाळी आणि रात्री, फार तर साडेबाराला सुरू होतात. म्हणजे पिवळं घेतलंस तर निम्मं प्रेम तुला मोबाइलवर गोल बघूनच करावं लागेल. हा वर्ल्ड कप अमेरिकेकडचा, त्यामुळे या खेपेला दोघांसाठीही डोळे लालच.

तर, भाच्या, जुन्या घराण्याचा दरारा, पेलेपासूनच्या गोष्टी आणि दर चार वर्षांनी "यंदा नक्की" म्हणून फसवून घेण्याची तयारी असेल तर पिवळी घे. फसवून घेण्यातही एक मजा आहे, मला विचार. स्वतःच्या डोळ्यांसमोर पहिला तारा बिल्ल्यावर चढताना पाहायचा असेल तर लाल. ती शक्यता आज त्या बाजूला थोडी जास्त आहे, हे मी चाळीस वर्षांच्या निष्ठेला बाजूला ठेवून लिहितोय, आणि लिहिताना बरं वाटत नाही. फक्त "ते आपले जुने मालक" म्हणून लाल टाळू नकोस आणि "ते आपले जुने मालक" म्हणून घेऊही नकोस.

पुढच्या शुक्रवारी तो एकटाच बसने गेला. लाल आणली, पाठीवर ना नाव ना आकडा; नाव छापायचे शंभर वेगळे, म्हणून. घातली आणि आजोबांसमोर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, आता व्याख्यान. वडिलांनी चष्मा शोधला, बिल्ला दोन बोटांत धरून बघितला, मग त्याला पाठमोरा वळवला.

"तेरा घाल हांगा," कोऱ्या पाठीवर बोट टेकवत ते म्हणाले. "एवझेब्युचो नंबर."