खऱ्या शार्कचं बिल

मी मालवणचा. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण खात लहानाचा मोठा झालो, आणि तरी मोरीच्याच पिल्लावर सात हजार घालवून बसलो. हसा खुशाल, पण पुढचं वाचा.

मे महिन्यात घाटावरच्या एका दुकानात गेलो होतो. मुलाला शार्क हवा होता. मी काचेतल्या काळ्या चकचकीत माशांकडे बोट दाखवलं, तर दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, ते घेऊ नका. शार्क म्हणून विकतात, पण तो पंगस आहे, हॉटेलात बासा म्हणून मिळतो तोच. तीन-चार फूट होतो." हे शंभर टक्के खरं होतं, आणि तिथेच मी फसलो. जो स्वतःचा माल घेऊ नका म्हणतो, तो खोटं कशाला बोलेल?

मग त्याने आतून 'खरा' शार्क आणला. वीतभर, अंगावर काळे-पांढरे पट्टे, तळाला निपचित पडलेला. बांबू शार्क. "टाकीएवढाच वाढतो." तीन फुटी टँक, फिल्टर आणि स्टँडचे साडेअठरा हजार वेगळे. ऑक्सिजनच्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात घालून त्याच दिवशी मासा घरी.

शेजारच्या काकीने काचेला नाक लावून पाहिलं. "झिला, ही मोरी मां! रापणीच्या जाळ्यात येता ती. घरात कित्याक हाडलंस?" माझ्या बिलावर मात्र 'इम्पोर्टेड फॅन्सी फिश, 1 नग' असं होतं.

टाकीएवढं वाढणं वगैरे काही नसतं. बांबू शार्क जातीप्रमाणे अडीच-तीन फूट होतो, आणि माझा टँक दीड फूट रुंद. त्याला वळायला तरी जागा कुठे? शिवाय नव्या टँकमध्ये माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. टँक आणि मासा एकाच दिवशी विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल?

पाणी मी मालवणच्या चिवला किनाऱ्यावरून कॅनने आणत होतो. जून लागला, किनाऱ्याचं पाणी गढूळ झालं. दुकानदाराला फोन केला. "मीठ घाला की. शिरोड्याचं घाला, समुद्राचंच आहे." घातलं. मिठागरात मीठ पडतं तेव्हा मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार पाण्यातच मागे राहतात, त्यामुळे ते मीठ पुन्हा पाण्यात घातलं तरी समुद्र होत नाही, हे मला नंतर कळलं. मासा खाईना. रात्री काचेला नाक घासत फिरायचा, नाकपुड्यांच्या वरची कातडी सोलून लाल झाली होती. परत फोन. त्याने कुरियरने एक निळं औषध पाठवलं, साडेतीनशे रुपये. त्यात तांबं होतं. साध्या माशांना ते बेताने चालतं, पण शार्क आणि त्याची चपटी नातलग पाकट यांना सोसत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उलटा पडलेला होता. मुलगा शाळेत जाईपर्यंत मी टँकवर चादर टाकून ठेवली.

"जिवंत मालाची गॅरंटी नसते," दुकानदार म्हणाला. वर म्हणतो, पाकट घ्या, निम्म्या किमतीत देतो, शांत बसून असते. पाकट! तिच्या शेपटीचा काटा करवतीसारखा दातेरी आणि विषारी असतो. आमच्याकडे पायात काटा गेलेले लोक कळवळताना मी पाहिलेत, आणि हा ती सात वर्षांच्या पोराच्या खोलीत ठेवायला सांगतोय.

तक्रार करायला गेलो तर बिलावर 'शार्क' हा शब्दच नाही. कशाची तक्रार करणार? उलट शार्क-पाकटांच्या काही जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. जातीचं नाव नसलेल्या बिलावर उद्या कोणी विचारलं तर अडकणार घेणारा.

तुमच्या पोराने हट्ट धरलाच तर दुकानदाराकडून माशाच्या जातीचं नाव आणि पूर्ण वाढीची लांबी बिलावर लिहून मागा. मी नंतर मागितली होती. त्याने फोन ठेवला.