सोलरसाठी जागा शोधताना वापरलेले लँड कव्हर नकाशे: नाशिकमधला अनुभव

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आल्यापासून आमच्याकडे एकच विचारणा सतत येते: सबस्टेशनजवळ सलग, सपाट, पडीक जमीन कुठे आहे? भाडेपट्टा हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, त्यामुळे जमीन द्यायला शेतकरीही पुढे येतात. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव या कमी पावसाच्या पट्ट्यात गावोगाव फिरण्याआधी पहिली चाळणी संगणकावरच करावी लागते. त्यासाठी खरिपापासून उन्हाळ्यापर्यंत मी जे फुकट मिळणारे लँड कव्हर नकाशे (उपग्रह प्रतिमांवरून जमिनीवर पीक, गवत, झाडं की आणखी काय आहे ते दाखवणारे) वापरले, त्यांच्याबद्दल लिहितेय.

आधी रिझोल्यूशनबद्दल, म्हणजे नकाशातला एक चौकोन (पिक्सेल) जमिनीवर केवढा असतो त्याबद्दल. १० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. हे एकदा डोक्यात बसलं की सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि स्क्रीनवरचे चौकोन यांचा मेळ चटकन लागतो. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरचा १:५०,००० चा भूवापर नकाशा २३.५ मीटरच्या लिस-३ या उपग्रह कॅमेऱ्याच्या प्रतिमांवरून केलेला आहे, तिथे एका पिक्सेलमध्ये साडेपाच गुंठे जातात. तालुक्याचं चित्र बघायला तो उत्तम आहे आणि त्यातले वर्ग आपल्याकडच्या शेतीला धरून आहेत. पण चार एकरांच्या गटात कुठे काय आहे हे त्यावरून ठरवता येत नाही.

युरोपियन स्पेस एजन्सीचा १० मीटरचा वर्ल्डकव्हर नकाशा मी पायाचा थर म्हणून वापरते. सेंटिनेल-१ उपग्रहांचं रडार आणि सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा असं दोन्ही त्यात असल्यामुळे पावसाळ्यातल्या ढगांचा त्रास कमी होतो. आपला अख्खा जिल्हा एकाच टाइलमध्ये (डाउनलोडच्या तुकड्यात) बसतो, तिचं नाव एन१८ई०७२. एकदा डाउनलोड केली की क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू. बांधावरच्या बाभळींची रांगसुद्धा त्यात दिसते. जगभराची सरासरी अचूकता २०२१ च्या आवृत्तीत सुमारे ७७ टक्के आहे, म्हणजे चारातला जवळपास एक पिक्सेल चुकीचा असू शकतो. शिवाय २०२० आणि २०२१ चे नकाशे वेगवेगळ्या अल्गोरिदमने बनवलेत. दोन्हींची वजाबाकी करून ‘इथे शेती कमी झाली’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

एसरी या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीचा नकाशा २०१७ पासून दरवर्षीचा मिळतो, पण गवत आणि झुडपं त्यात एकाच ‘रेंजलँड’ वर्गात टाकलीत. आमच्या कामाला नेमका तोच फरक हवा असतो, म्हणून तो मी फारसा उघडत नाही.

खरा उपयोग झाला तो गुगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या डायनॅमिक वर्ल्ड या नकाशाचा. ढग ३५ टक्क्यांपर्यंत असलेल्या प्रत्येक सेंटिनेल-२ प्रतिमेचं त्यात वेगळं वर्गीकरण होतं आणि प्रत्येक पिक्सेलला नऊही वर्गांची शक्यता मिळते. म्हणजे ‘हे पीक आहे’ एवढ्यावर न थांबता पीक असण्याची शक्यता किती, गवत असण्याची किती, हेही कळतं. नाशिकमध्ये याला फार किंमत आहे, कारण इथली जमीन महिन्यागणिक रूप बदलते. निफाड-दिंडोरीची द्राक्षबाग एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि पुन्हा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर उघडी पडते. बाजरीचं रान दिवाळीनंतर मोकळं होतं, तर उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपर्यंत रानात असतो. एकाच तारखेचा नकाशा यातलं काहीही ‘उघडी जमीन’ म्हणून दाखवेल.

नांदगावकडच्या एका गटाचं उदाहरण देते. वर्ल्डकव्हरवर सगळं गवत, उतार नगण्य, सबस्टेशन जवळ. कागदावर याहून चांगली जागा नाही. डायनॅमिक वर्ल्डचे महिनावार आलेख काढले तर खालच्या अंगाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकाची शक्यता दरवर्षी वर चढत होती आणि हिवाळ्यात परत गवत. जागेवर गेलो तेव्हा तिथल्या आजोबांनी सांगितलं, ‘‘पाऊस बरा झाला की बाजरी घेतो, नाहीतर मेंढरं चरतात.’’ वरच्या अंगाला मात्र निव्वळ मुरूम, सातबाऱ्यावर पोटखराबा. प्रस्तावात फक्त तोच भाग घेतला.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती याचीच. नकाशातलं ‘गवत’ वाचून लोक ते ‘रिकामं’ समजतात. जमिनीवर काय उगवलंय एवढंच लँड कव्हर सांगतं. तिथे कोण चरायला येतं, वाट कुणाची, गायरान आहे का, हे त्यात नसतं. येवल्याच्या ममदापूरचं काळविटांचं राखीव क्षेत्र याच गवताळ माळांवर आहे. त्याच्या आसपासचे पट्टे या चाळणीत ‘सर्वांत योग्य’ म्हणून वर येतात, कारण सपाट आहेत, झाडं नाहीत, घरं नाहीत. म्हणून राखीव क्षेत्रं, वनजमीन आणि गायरानांचे थर मी सुरुवातीलाच वगळते. नंतर वगळायचं ठरवलं की तोवर कुणाचं तरी मन त्या जागेवर बसलेलं असतं.

उताराला युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ३० मीटरचा डीईएम (उंचीचा डिजिटल नकाशा) पुरतो, पण त्यात झाडं-इमारतींची उंचीही येते, तेव्हा दाट झाडीजवळचे आकडे जपून वाचा. प्लास्टिक अंथरलेली शेततळी आणि शेडनेट यांवर तिन्ही नकाशे गोंधळतात, ती मी सॅटेलाइट फोटो बघून हातानेच आखते. गटांच्या हद्दी सरकारी भूनकाशा संकेतस्थळावरून घ्याव्या लागतात आणि त्या प्रतिमेवर तंतोतंत बसत नाहीत, कडेचे दोन-तीन पिक्सेल सोडूनच क्षेत्र मोजावं.

खर्चाचं विचाराल तर वर्ल्डकव्हर व्यावसायिक कामालाही मोफत आहे, फक्त श्रेय द्यावं लागतं. डायनॅमिक वर्ल्डचा डेटाही खुला आहे, पण तो गुगलच्या ज्या ऑनलाइन अर्थ इंजिनवर चालवायचा ते व्यावसायिक वापराला मोफत नाही. कंपनीच्या कामाला वापरणार असाल तर तो खर्च आधीच धरा.