बीबीआय कॉम्बिनेटरी डिक्शनरी: कुठल्या शब्दाला कुठला शब्द लावायचा हे सांगणारं पुस्तक

माझं काम दिवसभर इंग्लिशमध्ये लिहिण्याचं, मेल, रिपोर्ट, कधी भाषांतर. ग्रामर बरं आहे, शब्दही बऱ्यापैकी येतात, पण अडायचं कुठे तर छोट्या जागी. इंटरेस्टच्या पुढे इन की ऑन, डिसिजन मेक करायचं की टेक, रीझन फॉर की रीझन ऑफ. साध्या डिक्शनरीत शब्दाचा अर्थ मिळतो पण तो मला माहीतच असतो, मला पाहिजे असतं त्याच्या शेजारी कोण बसतं ते, आणि नेमकं तेवढंच काम करणारं हे पुस्तक आहे.

नावातलं बीबीआय म्हणजे तिघा संपादकांच्या आडनावांची पहिली अक्षरं, मॉर्टन बेन्सन, एव्हलिन बेन्सन आणि रॉबर्ट इल्सन. पहिली आवृत्ती 1986 ची, जॉन बेंजामिन्स या प्रकाशनाची, आणि माझ्याकडे आहे ती 2010 ची तिसरी. घ्यायची असेल तर तिसरीच घ्या.

आधी ती गोष्ट सांगते जिच्यामुळे हे पुस्तक माझ्या टेबलावरून हललं नाही. मी कित्येक वर्षं मेलमध्ये 'प्लीज एक्स्प्लेन मी द प्रोसेस' असं लिहायचे. आपल्याला त्यात काही खटकतच नाही, कारण डोक्यात 'मला समजावून सांगा' असतं आणि 'मला'चं सरळ इंग्लिश 'मी' (me) होतं. शिवाय 'गिव्ह मी', 'सेंड मी', 'टेल मी' सगळं चालतं, मग एक्स्प्लेन मी का नाही? शाळेत सांगितलं होतं की चूक आहे, पण का ते कुणी सांगितलं नाही. या पुस्तकात क्रियापदांचे 19 पॅटर्न केलेत, ए पासून एस पर्यंत अक्षरं दिलीत, आणि एक्स्प्लेन बी गटात आहे. ए गटात सेंडसारखी क्रियापदं, त्यांना दोन्ही रचना चालतात, 'सेंट द बुक टू हिम' पण आणि 'सेंट हिम द बुक' पण. बी गटाला फक्त पहिली चालते, माणसाच्या आधी टू पाहिजेच, म्हणून 'एक्स्प्लेन द प्रोसेस टू मी'. आणि याच गटात डिस्क्राइब आहे, सजेस्ट आहे, मेन्शन आहे. म्हणजे 'सजेस्ट मी अ गुड बुक' हे जे आपण सर्रास लिहितो तेही तिथेच धडपडतं. एक चूक शोधायला गेले आणि चार चुका एका दोरीत बांधलेल्या सापडल्या. त्यानंतर एक्स्प्लेन लिहिताना हात आपोआप थांबतो.

आता दुसरी बाजू, क्रियापद आणि नाम. मराठीत आपलं 'करणे' हे क्रियापद किती ओझं वाहतं बघा. फोन करतो, चूक करतो, प्रगती करतो, अभ्यास करतो, गुन्हा करतो, खून करतो. इंग्लिशमध्ये फोन कॉल, चूक आणि प्रगतीला मेक, होमवर्कला डू, गुन्हा आणि खुनाला कमिट. 'काढणे' घ्या, फोटो काढला तर टेक, चित्र काढलं तर ड्रॉ, बँकेतून पैसे काढले तर विथड्रॉ, कर्ज काढलं तर टेक आउट, दुसऱ्याच्या चुका काढल्या तर फाइंड फॉल्ट आणि पुढे विथ. आपल्याला ही सगळी 'काढणी' लहानपणापासून कानात बसलेली, कुणी शिकवली नाही. इंग्लिश बोलणाऱ्यांच्या कानात त्यांची बसलेली. ज्याला ती बाहेरून शिकायचीत त्याला कुठेतरी लिहून ठेवलेली पाहिजेत ना, तर ती इथे आहेत.

शोधायची पद्धत सुरुवातीला उलटी वाटते. मेक उघडून अशा जोड्या मिळत नाहीत, नाम उघडायचं. हे फार शहाणपणाचं आहे, कारण लिहिणाऱ्याला नाम आधीच माहीत असतं, निर्णय हा शब्द हातात असतो आणि अडतं ते क्रियापद. डिसिजनखाली गेलात की निर्णय घेणं, निर्णयापर्यंत येणं, निर्णय फिरवणं, प्रत्येकाचं क्रियापद आहे, आणि टेक अ डिसिजन हा ब्रिटिश वापर आहे हेही कळतं. ब्रिटिश-अमेरिकन फरक पुस्तकभर खुणांनी दाखवलाय, म्हणजे दवाखान्यात ॲडमिट माणूस ब्रिटिशांसाठी 'इन हॉस्पिटल' आणि अमेरिकनांसाठी 'इन द हॉस्पिटल', असल्या गोष्टी.

मला सगळ्यात आवडलेला गट म्हणजे मोडण्या-संपवण्याच्या क्रियापदांचा. त्यांनी शाब्दिक जोड्यांचे सात प्रकार पाडलेत, पहिल्यात काहीतरी तयार करणारी किंवा सुरू करणारी क्रियापदं, आणि दुसऱ्यात ते नाहीसं करणारी. आपण कायदा रद्द करतो, परवाना रद्द करतो, लग्नही कोर्टात रद्द करतो, 'रद्द' एकच. इंग्लिशमध्ये कायदा रिपील होतो, परवाना रिव्होक होतो, लग्न ॲनल होतं, अदलाबदल केली की वाचणाऱ्याला लगेच टोचतं. उलट काही ठिकाणी दोन्ही भाषा अगदी एकासारख्या चालतात, बंदी उठवली म्हणजे लिफ्ट अ बॅन. साखरपुडा मोडला तिथेही ब्रेक ऑफच. असं जुळलं की मला खरंच आनंद होतो.

प्रकार पुढे बरेच आहेत, विशेषण-नाम, क्रियाविशेषण वगैरे, ते पुस्तकातच बघा. समूहाच्या शब्दांचा एक आहे तो मात्र आपल्याला पटकन आपला वाटेल कारण चाव्यांचा जुडगा, लाकडांची मोळी, पक्ष्यांचा थवा असं आपलंही आहेच.

प्रीपोझिशनचं म्हणाल तर चुकांचं मूळ आपल्या विभक्तीत आहे असं माझं ठाम मत झालंय. 'माझ्यावर रागावला' म्हणून आपण 'अँग्री ऑन मी' लिहितो, तिथे ॲट किंवा विथ पाहिजे. 'तिच्याशी लग्न झालंय' म्हणून 'मॅरीड विथ', तिथे टू. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट', तिथे काहीच नको. गंमत म्हणजे नाम वापरलं की अबाउट परत येतो, 'डिस्कशन अबाउट' बरोबर आहे. म्हणून शब्द पाठ करताना नाम आणि क्रियापद वेगवेगळे बघायचे, एकाचं दुसऱ्याला लागू होईल असं धरायचं नाही.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत. बहुतेक शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत, जोडी मिळाली तरी तिचा अर्थ माहीत नसेल तर दुसरी डिक्शनरी उघडावीच लागते. चार क्रियापदं ओळीने दिलेली असतात पण त्यातलं रोजचं कुठलं आणि क्वचितचं कुठलं ते बऱ्याचदा कळत नाही, आणि नवीन माणूस नेमकं जड वाटणारं उचलतो. अक्षरांचे कोड पाठ होईपर्यंत सारखं प्रस्तावनेकडे पानं उलटावी लागतात, मी शेवटी ते 19 पॅटर्न एका कागदावर लिहून कव्हरच्या आत चिकटवले. ऑक्सफर्डची कोलोकेशन्स (म्हणजे शब्दांच्या ठरलेल्या जोड्या) डिक्शनरी आहे, 2002 ला पहिल्यांदा आलेली, ती या बाबतीत सोपी, शब्द अर्थाप्रमाणे गटात लावलेत आणि उदाहरणं हाताशी, विशेषणं तर भरपूर. निबंध लिहिणाऱ्या मुलांना मी तीच देईन. पण क्रियापदामागे टू येणार की आयएनजी, माणूस आधी की वस्तू आधी, हे बीबीआयइतकं नेटकं मला तिथे मिळालं नाही.

आणि एक, यात मोकळ्या जोड्या शोधू नका. मर्डरखाली कमिट मिळेल पण कन्डेम मिळणार नाही, कारण निषेध कशाचाही करता येतो, ती त्या शब्दाची स्वतःची जोडी नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं पुस्तकात शब्द राहून गेलेत. प्रस्तावना वाचल्यावर कळलं की ते मुद्दाम गाळलेत आणि कारणही तिथे दिलंय, तेव्हा तेवढी पानं तरी आधी वाचा आणि मगच ए पासून सुरू करा.