पॉलिशला दिलेलं कपाट परत आलं, त्यातला साग नाही आला

लिहू की नको, यात दोन महिने गेले. लेकीच्या सासरचा विषय आहे, उगाच चार तोंडी कशाला, असं घरचे म्हणतात. पण मागच्या आठवड्यात बाजारात एक ओळखीची बाई भेटली. तिच्या सासूचा जुना दिवाण अशाच एका घरून नेऊन पॉलिश करून देणाऱ्याकडे गेलाय म्हणाली. मग मला राहवलं नाही.

आमचं गाव वरोरा तालुक्यात, चंद्रपूर जिल्हा. कापूस आणि सोयाबीनची शेती. मागच्या संक्रांतीनंतर बाजूच्या गावात एक जुना वाडा पाडला. मालक मंडळी नागपूरला असतात, त्यांनी आतलं सामान काढायचं ठरवलं. त्यात एक कपाट होतं, सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद, पितळी मुठीचं. अवतार मात्र बघवत नव्हता. हिरव्या ऑइलपेंटवर निळा, निळ्यावर चॉकलेटी, एक पाय कुजलेला आणि आत उंदरांचं बिऱ्हाड. आठ हजारात घेतलं. मे महिन्यात लेकीचं लग्न होतं आणि आंदणात लोखंडी कपाट द्यायचं माझ्या मनात नव्हतं.

घेण्याआधी बघून घेतलं होतं. फळीच्या खालच्या बाजूला, जिथे रंग लागला नव्हता, तिथे सुरीने खरवडलं. आत सोन्यासारखी तांबूस-पिवळी रेघ निघाली. हात फिरवला तर किंचित तेलकट लागत होतं आणि जुन्या चामड्यासारखा तो वास आला. आमच्या भागात साग ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग गेला तो आमच्या बल्लारपूरच्या डेपोतूनच. जुन्या वाड्यातला साग म्हणजे पक्क्या गाभ्याचा, त्याला उधई, म्हणजे वाळवी, सहसा शिवत नाही.

मी आणि लेकीने अंगणात एक फळी काढून काचकागदाने घासायला घेतली. दुपारची कामं आटोपली की तासभर. तीन दिवसांत ती एक फळी मोकळी झाली. डाव्या कडेपासून वीतभर आत एक गाठ निघाली, आंब्याच्या कोयीएवढी, भोवती रेघा अशा वळलेल्या की लेक म्हणाली, आई, हा डोळा आहे. तिने मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो आज आमच्या कामी येतोय.

चौथ्या दिवशी तो माणूस आला. छोटा हत्ती घेऊन गावोगावी फिरायचा, भोंग्यावर सांगायचा. अंगणात बसलेली मला बघून थांबला. म्हणाला, "काकू, हाताने घासून काय होते? आपल्याकडे मशीन हाय. आठ दिवसात असं करून देतो का ओळखू नाही येणार." बोलायला गोड होता. आमच्या घरचं पाणी प्यायला, लेकीच्या लग्नाची तारीख विचारली. नऊ हजार ठरले, चार हजार त्याच वेळी फोनवरून पाठवले. पावती मागितली तर म्हणाला, पैसे पाठवल्याची नोंद फोनमध्ये आहेच ना. कपाट गाडीत चढलं. गावातले मिस्त्री तेव्हा दुसऱ्या गावी घराच्या कामावर होते. ते येईपर्यंत चार दिवस थांबायला हवं होतं.

आठाचे बावीस दिवस झाले. मध्ये व्हॉट्सॲपवर फोटो येत राहिले, सगळे फक्त दारांचे. दारं खरंच सुंदर झाली होती, त्यामुळे आत काय चाललंय हे विचारायचं सुचलंच नाही. शेवटी रात्री नऊला गाडी आली, लाइट गेलेली. दोन पोरांनी कपाट उतरवलं, पाठ भिंतीला लावली. थिनरचा वास इतका होता की डोळे चुरचुरत होते. आत फळ्यांवर वर्तमानपत्रं चिकटपट्टीने लावलेली. म्हणाला, तीन दिवस उघडू नका, कागद काढू नका, पॉलिश ओलं आहे, डाग पडतील. उरलेले पाच हजार घेतले आणि गेला. रंग सांगितल्यापेक्षा बराच गडद होता. आता कळतं की गडद पॉलिशखाली साग आणि आडजात, म्हणजे सागाखेरीजचं साधं लाकूड, यांच्या रेघा सारख्याच दिसतात.

लग्न झालं. कपाट हिंगणघाटला गेलं.

जुलैत, झडीच्या दिवसांत, विहीणबाईंचा फोन आला. बाई फार समंजस. म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण कपाटात पीठ पडून राहिलं जी." मी दुसऱ्याच दिवशी गेले. लेकीने लग्नाचा शालू काढून दाखवला. घडीवर पिवळसर भुकटी, चाळलेल्या बेसनासारखी बारीक. बोटाने झटकली तर अर्ध्या तासात पुन्हा. फळीला खालून टॉर्च लावला तर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं, ओळीने. दारांवरची चकाकी पावसाळी हवेने पांढुरकी पडलेली. सासरच्या चार बायांसमोर लेक मान खाली घालून उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती. नऊ हजारांपेक्षा मला ते जास्त लागलं.

मिस्त्रींना सोबत नेलं होतं. त्यांनी कपाट पुढे ओढलं आणि पाठीवर बोटाने टकटक केली. आवाज पोकळ. पॉलिश लावलेली पातळ प्लाय निघाली, नव्या चकचकीत तारखिळ्यांनी ठोकलेली. जुन्या कामात लाकडी खुंट्या होत्या, त्यांची भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलेली. मग एक फळी काढून त्यांनी कडेवर रंधा मारला. आत पांढरं, हलकं लाकूड. "आडजात हाय वहिनी, अन थेबी कच्चं," ते म्हणाले. एकेक करून चारही फळ्या काढल्या. मी प्रत्येकीवर डाव्या कडेपासून वीत मोजली. गाठ एकीवरही नव्हती.

दारं, चौकट आणि बाजू आमच्याच आहेत. जे बाहेरून दिसतं ते त्याने ठेवलं, जे दिसत नाही ते काढून घेतलं. मिस्त्रींनी तिथेच हिशोब केला. साडेतीन फूट लांब, सोळा इंच रुंद, पाऊण इंच जाडीच्या चार अखंड फळ्या आणि अर्धा इंच जाडीची पूर्ण पाठ, मिळून दोन घनफुटांच्या वर जुना साग. सोळा इंची अखंड फळी आता आरामशीनवर मागितली तरी सहज मिळत नाही.

त्या पिठाबद्दल मिस्त्रींनी सांगितलं ते इथे लिहिते, कारण पुष्कळ जण अशा वेळी रॉकेल नाहीतर फवारणीचं औषध मारून गप्प बसतात. ही उधई नाही, लाकडातला भुंगा आहे. उधई मातीची वाट करत येते, हा आतून पीठ पाडतो. सागातही बाहेरचा पांढरा भाग असतो, त्याला हा लागू शकतो, पण आतल्या तांबूस गाभ्याला लागत नाही. त्यामुळे गाभ्याची म्हणून दिलेली फळी पीठ पाडत असेल तर ती उपसून कडेला रंधा मारून बघाच. आमच्या फळ्यांना कीड आधीपासूनच होती. छिद्रं लांबीने बुजवून वरून रंग चढवला होता, उन्हाळाभर ते झाकलं गेलं.

जुनं सामान जरूर घ्या, जुन्या लाकडासारखं लाकूड आता नाही. पण पॉलिश करायचंच तर आपल्या अंगणात करून घ्या. चपडा लाख आणि स्पिरिटचं हाताचं पॉलिश घरी होतं, त्याला कारखाना लागत नाही. मजुरी दिवसावर द्या, जेवण द्या, पण लाकूड डोळ्यांपुढे राहू द्या. बाहेर पाठवणं भागच असेल तर प्रत्येक फळीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि खालच्या बाजूला पटाशीने अशी खूण करा जी घासली तरी जाणार नाही. फळ्या किती, जाडी किती, लाकूड कोणतं, हे साध्या कागदावर लिहून त्याची सही घ्या. सही द्यायला जो कुरकुरतो त्याच्या गाडीत कपाट चढवू नका. रात्री आणलेलं सामान उतरवून घ्या हवं तर, पण पैसे सकाळी उजेडात, कागद काढून, पाठ बघून द्या. पॉलिश ओलं आहे म्हणाला तर वाळेपर्यंत पैसेही थांबू शकतात.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. पैसे पाठवल्याची नोंद, त्याचे व्हॉट्सॲपचे फोटो आणि लेकीने काढलेला तो गाठीचा फोटो असं सगळं जोडून चंद्रपूरला अर्ज तयार केलाय. दुरुस्तीला विश्वासाने दिलेली वस्तू हडपणं हा गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, म्हणून ठाण्यातही लेखी अर्ज देऊन पोच घेतली. फोन त्याचा अजून लागतो. सोमवारी येतो म्हणतो.

मिस्त्रींनी कडुनिंबाच्या फळ्या बसवून दिल्या आहेत, कपाट लेकीच्या खोलीत उभं आहे. पण त्या चार फळ्या कुठेतरी विकल्या गेल्या असणार, कोणाच्या तरी टेबलाला नाहीतर देवघराला लागल्या असणार. वरोरा, हिंगणघाट, वणीकडे कोणी तुम्हाला जुन्या सागाची अखंड फळी विकायला आणली तर एकदा नीट बघा. साडेतीन फूट लांब, सोळा इंच रुंद, डाव्या कडेपासून वीतभर आत कोयीएवढी गाठ, आणि गाठीच्या खाली खिळ्याचा एक काळा डाग. ती आमची आहे.