माता-बाल संरक्षण कार्ड: दोन भावंडांच्या वाढीवरून केलेले परीक्षण

गरोदरपणाची नोंद झाल्यावर आरोग्य केंद्रातून किंवा अंगणवाडीतून जे माता आणि बाल संरक्षण कार्ड मिळते, त्याकडे बहुतेक घरांत लसीकरणाचा पुरावा म्हणूनच पाहिले जाते. कोल्हापुरात बाळाला खासगी बालरोगतज्ज्ञांकडे नेणाऱ्या कुटुंबांत तर ते लसीच्या तारखेपुरते बाहेर निघते आणि पुन्हा कपाटात जाते. माझा थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी या दोघांचीही कार्डे मी शेवटच्या रकान्यापर्यंत भरून घेतली आहेत. ती शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की विनामूल्य मिळणाऱ्या या कार्डातील सर्वांत मोलाचे पान वजनाच्या आलेखाचे आहे, आणि ज्या घरात दुसरे मूल आले आहे तेथे त्याची गरज पहिल्या वेळेपेक्षाही अधिक असते.

याचे कारण असे की धाकट्या बाळाची मोजपट्टी आपल्याकडे थोरले भावंडच असते. बारशाला आलेल्या पाहुण्यांपासून रोज मालिश करायला येणाऱ्या मावशींपर्यंत प्रत्येकाला थोरल्याचे सर्व काही आठवत असते. आमच्या पेठेतल्या एक वयस्कर काकू माझ्या मुलीकडे पाहून म्हणत, ‘थोरला ह्या वयात बोलत हुता की! ही अजून कशी बोलंना?’ त्यांच्या बोलण्यात माया होती, परंतु अशा तुलनेने आईच्या मनात घर करणारी काळजी खरी असते, आणि तिला उत्तर द्यायला काहीतरी लेखी आधार लागतो.

माझ्या दोन मुलांत पहिल्या दिवसापासूनच फरक होता. मुलगा जन्मला तेव्हा 2.7 किलोचा होता आणि मुलगी 3.2 किलोची. दुसरे अपत्य पहिल्यापेक्षा सरासरीने थोडे अधिक वजनाचे असते, हे डॉक्टर सांगतातच. मुलगा उशिरा बसला, हात-गुडघ्यांवर कधी रांगलाच नाही, बसल्या बसल्या पुढे सरकत घरभर फिरला आणि पंधराव्या महिन्यात चालू लागला. मात्र शब्द त्याच्या तोंडी लवकर आले. मुलगी अकराव्या महिन्यातच उंबरा ओलांडू लागली, पण बराच काळ तिचे बोलणे बोट दाखवण्यावर आणि एक-दोन शब्दांवर भागत होते. दोघांचे आई-बाप एक, घर एक, स्वयंपाकही एकाच चुलीचा.

विकासाच्या टप्प्यांचे पान मी म्हणूनच फार बारकाईने पाहिले. बाळ ओळखून हसते का, आवाजाच्या दिशेने मान वळवते का, आधाराशिवाय बसते का, अशा गोष्टी वयोगटानुसार चित्रांसह मांडल्या आहेत आणि कमी शिकलेल्या आईलाही त्या सहज समजतात. या पानाबद्दल माझी एक सूचना आहे. प्रत्येक टप्प्याचा कालावधी एखाद्या पट्ट्यासारखा रुंद दाखवला असता, तर घराघरांतील निष्कारण धास्ती पुष्कळ कमी झाली असती. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून जे कालावधी दिले आहेत, ते पाहिले तर थक्क व्हायला होते: आधाराशिवाय बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने, आणि स्वतंत्रपणे चालण्याचा 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे एक मूल नवव्या महिन्यात चालले आणि त्याचे भावंड सतराव्या महिन्यात चालले, तरी दोघेही निरोगी असू शकतात. रांगण्याबद्दल तर त्याच अभ्यासात असे आढळले की सुमारे 4 टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने 2022 साली आपल्या टप्प्यांच्या यादीतून रांगणे वगळले, हेही येथे सांगण्यासारखे आहे. माझा मुलगा रांगत नसल्यामुळे झालेली घरातील चर्चा मला आजही आठवते, आणि त्या वेळी ही आकडेवारी कार्डावरच छापलेली असती तर किती बरे झाले असते, असे वाटते.

आता आलेखाविषयी, कारण या कार्डाची खरी किंमत मला तेथे कळली. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन, आणि मध्ये हिरवा, पिवळा व नारिंगी असे पट्टे असतात. पिवळा म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी, नारिंगी म्हणजे ते फारच कमी. मुलाचा बिंदू पहिल्यापासून हिरव्या पट्ट्याच्या खालच्या भागात होता. सहाव्या महिन्यात 6.9 किलो, वर्षाला 8.3 किलो, आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला किडकिडीत म्हणत असे. परंतु त्याचे सगळे बिंदू जोडले की छापील रेषेला समांतर चढत जाणारी रेघ दिसे, आणि समांतर चढणारी रेघ म्हणजे बाळ आपल्या चालीने उत्तम वाढत आहे, हे परिचारिकेने मला तेव्हाच समजावले होते.

मुलीचे नेमके उलट झाले. सहाव्या महिन्यात ती 7.9 किलोची, गुटगुटीत, बघणाऱ्याने दृष्ट काढावी अशी होती. त्यानंतरचे दोन महिने काटा जवळपास तेथेच थांबला. आठव्या महिन्यात ती 8 किलो भरली, तर त्याच वयात तिचा भाऊ 7.4 किलोचा होता. भावाशी तुलना केली असती तर तिची काळजी करण्याचे काहीच कारण नव्हते. घरात तसेच सर्व जण म्हणतही होते. कार्डावर मात्र चढती रेघ एकदम आडवी झालेली दिसत होती. परिचारिकेने ती बोटाने दाखवली आणि पहिला प्रश्न विचारला तो बाळाला भरवता काय याचा. भाताची पेज, वरणाचे वरचे पाणी, नाचणीची पातळ आंबील, असे सर्व काही पातळ होते, कारण एवढ्या लहान बाळाला घट्ट पचत नाही अशी जुनी समजूत आमच्या भागात घरोघरी आहे. पोट भरत होते, पण त्या पाण्यात ताकद नव्हती. चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट मऊ भात-डाळ, वर तूप, कुस्करलेले उकडलेले अंडे आणि दिवसातून थोडे थोडे अधिक वेळा भरवणे, शिवाय अंगावरचे दूध चालूच ठेवणे, असा सल्ला मिळाला. पुढच्या वजनांत रेघ पुन्हा वर वळली. सुदृढ दिसणाऱ्या बाळाकडे लक्ष देण्याची गरज आहे आणि बारीक दिसणारे बाळ ठीक आहे, हे घरातील कोणत्याही अनुभवी नजरेला दिसले नसते. ते या पानावर दिसले.

मुलगा आणि मुलगी यांचे आलेख वेगळे आहेत, ही गोष्टही भावंडांच्या तुलनेत फार महत्त्वाची ठरते. एक वर्षाचे 7.5 किलो वजनाचे बाळ मुलगी असेल तर हिरव्या पट्ट्यात असते, आणि मुलगा असेल तर पिवळ्यात. या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या मानकांवर आधारलेल्या आहेत. ज्या सहा देशांतील मुलांवरून ती मानके ठरली त्यांत भारतही होता, म्हणून ‘ही परदेशी बाळांची मापे आहेत’ हा नेहमीचा आक्षेप टिकत नाही. शिवाय ती मानके मातेच्या दुधावर वाढलेल्या बाळांची आहेत. अशी बाळे पहिल्या काही महिन्यांत भराभर बाळसे धरतात आणि नंतर त्यांचा वेग मंदावतो. मंदावलेला वेग आणि थांबलेली वाढ यांतला फरक आलेखावरच स्पष्ट होतो.

कार्ड कितीही चांगले असले तरी त्याचे मोल भरणाऱ्या हातावर अवलंबून असते, आणि येथे माझा अनुभव संमिश्र आहे. एका केंद्रात वजनाचा आकडा लिहिला जाई, पण आलेखावर बिंदू काढला जात नसे. विचारले की ‘आकडा आहे ना’ असे उत्तर मिळे. थंडीत स्वेटर-टोपडे आणि दुपट्यासकट बाळ काट्यावर ठेवले की दोन-तीनशे ग्रॅम सहज वाढतात, आणि मग पुढच्या वेळी हलक्या कपड्यांत वजन घटल्याचा भास होतो. दुसऱ्या केंद्रातील ताईंनी मात्र प्रत्येक वेळी बाळाचे कपडे उतरवून घेतले, काटा शून्यावर आहे की नाही ते पाहिले आणि बिंदू माझ्यासमोर जोडला. मातांना माझी विनंती आहे की बिंदू तेथेच काढून घ्यावा. ते काम एका मिनिटाचेही नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचे का, हेही त्याच वेळी विचारावे.

कागदाबद्दल थोडे. आमच्याकडच्या पावसाळ्यात उघडे कार्ड टिकत नाही, आणि 2019 व 2021 च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या अनेक घरांतली कागदपत्रे भिजली. प्लास्टिकचे पाकीट आणि आलेखाच्या पानाचा मोबाईलमध्ये फोटो, एवढी खबरदारी प्रत्येकाने घ्यावी.

भावंडे वेगळी असतात हे खरे असले, तरी तेच वाक्य टाळाटाळीचे कारण होता कामा नये. आलेली गोष्ट नाहीशी होणे, म्हणजे बडबडणारे बाळ गप्प होणे किंवा बसणारे बाळ बसेनासे होणे, हे कोणत्याही वयात डॉक्टरांना दाखवले पाहिजे. वर्षाच्या आत एकाच हाताचा सतत वापर, अंग फार सैल किंवा फार ताठ असणे, आवाजाला प्रतिसाद न देणे, याबाबतही थोरल्याचा दाखला देऊन थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून 2013 पासून अशा विकासातील विलंबाची तपासणी होते, आणि तिला पैसे पडत नाहीत. माझ्या मुलीचे बोलणे मागे आहे असे वाटले तेव्हा मी तिच्या कानांची तपासणी करून घेतली. ऐकू व्यवस्थित येत होते, म्हणून नंतरची वाट मी निश्चिंत मनाने पाहिली.

पाचपैकी गुण द्यायचे तर आलेखाला पाच, टप्प्यांच्या पानाला चार आणि कागदाला तीन. खासगी दवाखान्यात जाणाऱ्यांनीही हे कार्ड सोबत न्यावे, कारण पाच वर्षांखालील मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जागतिक आरोग्य संघटनेचीच मानके वापरायला सांगते. त्यामुळे फाईल बदलली किंवा डॉक्टर बदलले तरी रेघ पुढे तशीच ओढता येते. दुसऱ्या गरोदरपणात नवे कार्ड मिळते तेव्हा जुने टाकून देऊ नये, आणि दोन्ही मुलांचे बिंदू मात्र आपापल्या कार्डावरच राहू द्यावेत.