अब्जाधीश नायक आणि बारा नाण्यांचे प्रकरण

नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत मी कर्जविभाग सांभाळते. संध्याकाळी निमाणीच्या बसने घरी जाताना द्वारका चौकातल्या कोंडीत बस अडकली, की मोबाइलवरच्या एका वाचन-अ‍ॅपमध्ये अब्जाधीशांच्या प्रेमकथा वाचते. तीन महिने पैसे भरून वापरल्यावर त्या अ‍ॅपला मी पाचपैकी दोन गुण देते, आणि तेही बहुतांशी कथेला.

हा प्रकार नवा नाही. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेच्या प्रेमकथांतले ग्रीक जहाजमालक आणि अरब शेख आमच्या पिढीने भाड्याच्या वाचनालयांतून घरी आणले होते. आता नायकाची मालमत्ता एक अब्ज डॉलरच्या, म्हणजे आपल्या आठ हजार कोटींहून अधिक रुपयांच्या, खाली येत नाही, एवढाच फरक. मात्र ओढ त्या पैशाची नसते, असे माझे मत झाले आहे. मी वाचत होते त्या कथेतला नायक संचालकांची बैठक अर्धवट सोडून उठतो, कारण नायिकेने सकाळपासून काही खाल्लेले नाही, हे त्याच्या लक्षात आलेले असते. पहाटे चौघांचे डबे भरून स्वतःचा ओट्यावर विसरून आलेल्या बाईने हा प्रसंग दोनदा वाचला, तर नवल नाही. त्यासाठी मी भाषेचे हालही सोसले. भाषांतर बहुधा यंत्राचे असावे, कारण नायक ‘थंड मुख्य कार्यकारी अधिकारी’ आहे आणि संतापलेल्या सासूबाई सुनेला ‘कृपया आपण निघावे’ अशा अदबीने घराबाहेर काढतात.

खटकले ते करारलग्न. वडिलांचे कर्ज फिटावे म्हणून नायिका वर्षभराच्या लग्नाच्या करारावर सही करते आणि कर्ज एका वाक्यात फिटते. ना जामीनदार, ना कर्ज फिटल्याचा नील दाखला. रोज कर्जरोखे वाचत असल्यामुळे माझे लक्ष अटींकडे गेले: तिने नोकरी सोडायची, कुठे जाते ते कळवायचे, आणि तिचा फोन तो न विचारता पाहणार. कथा याला काळजी म्हणते. माझ्या टेबलासमोर असा कागद घेऊन कोणी बाई बसली असती, तर ‘घरी नेऊन नीट वाचा आणि उद्या या’, असे मी तिला सांगितले असते.

अ‍ॅपची रीतही त्या नायकासारखीच आहे. पहिली २० प्रकरणे फुकट, पुढच्या प्रत्येकाला १२ नाणी, म्हणजे पैसे भरून घ्यायचे अ‍ॅपमधले चलन. प्रकरण पाच मिनिटांत संपते, तेही नेमके कोणीतरी दार उघडते तिथे. ‘पुढचे प्रकरण आपोआप उघडा’ हा पर्याय पहिल्यापासून चालूच होता, आणि तो बंद करण्याची जागा सापडेपर्यंत माझे ६४० रुपये गेले होते. तक्रार केल्यावर ‘आपण अटी मान्य केल्या आहेत’, असे उत्तर आले. ते खरे होते. दुसऱ्यांना कागद घरी न्यायला सांगणाऱ्या मी त्या अटी शेवटपर्यंत न वाचताच ‘मान्य’ दाबले होते.

१४६पैकी ९७ प्रकरणे वाचून झाली आहेत आणि खात्यात ११ नाणी शिल्लक आहेत.