लोएबचा हिरोडोटस, खंड 2: इथूनच सुरुवात करा

ग्रीक-रोमन लेखक वाचायचेत पण सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी आता हेच पुस्तक हातात देतो. लोएब क्लासिकल लायब्ररी ही 1911 ला जेम्स लोएबने सुरू केलेली सिरीज, आता हार्वर्ड काढतं. ग्रीक असेल तर हिरवं कव्हर, लॅटिन असेल तर लाल, डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्लिश आणि साइज अशी की हातात सहज मावतं.

हिरोडोटस म्हणजे प्राचीन ग्रीक इतिहासकार, त्याचा ग्रंथ या सिरीजमध्ये चार खंडात आहे. पहिला नंतर वाचा, दुसरा आधी उचला, कारण त्यात ग्रंथाचं तिसरं पुस्तक, म्हणजे तिसरा भाग आहे, आणि त्यात आपल्या बाजूचं येतं. इराणचा राजा दारियस ग्रीकांना विचारतो, मेलेल्या बापाला खायचे किती पैसे घ्याल, ते म्हणतात कितीही दिले तरी नाही. मग त्यांच्यासमोरच तो आईबापांना खाणाऱ्या एका भारतीय जमातीला विचारतो की जाळायचे किती घ्याल, तर ते किंचाळतातच, असलं अभद्र बोलू नका म्हणून! अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे लिहून सांगतो की ज्याला त्याला आपलीच रीत बरी वाटते, मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

पुढे सोनं उकरणाऱ्या, कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या आहेत. हिरोडोटस भारतात कधी आलाच नव्हता, ऐकलेलं लिहितो, त्यामुळे सगळं खरं धरू नका. पण लगेच पुढे म्हणतो, तिथल्या रानझाडांना लोकर येते, मेंढीच्या लोकरीपेक्षा सुंदर, आणि लोक तिचे कपडे घालतात. म्हणजे कापूस! डावीकडे बोट ठेवून मी ग्रीक अक्षरं लावत बसलो, देन्द्रेआ म्हणजे झाडं, एइरिया म्हणजे लोकर, दोन शब्द सापडले तरी केवढा आनंद झाला.

तक्रार एवढीच की गॉडलीचं भाषांतर 1920 च्या आसपासचं, इंग्लिश जुनाट वाटतं आणि टिपा फार कमी. नवीन प्रत महाग पडते, मी सेकंडहँड घेतली. जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत, आधी तिथे चार पानं बघून घ्या.

आमची यवतमाळकडे पऱ्हाटीची शेती, म्हणून ते लोकरीचं वाक्य बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झाड म्हणतो ना तो? मग देवकापूस असंल, आजीच्या अंगणात होता तसा."